ओठांवर पाळत

कुठलीही मोठी स्पर्धा सुरू झाली की दोन-तीन दिवसांत तो मेसेज येतोच. सोबत एक फोटो असतो. राष्ट्रगीताला उभी राहिलेली खेळाडूंची रांग, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाभोवती लाल गोल. मजकूर दर वेळी थोडा बदलतो, पण गाभा हा: "मैदानावर राष्ट्रगीत ही जगभरची शेकडो वर्षांची परंपरा आहे. ज्याचे ओठ हलत नाहीत, त्याच्या मनात देश नाही. अशांना कायद्याने तीन वर्षं कैद आहे. आधीच्या खेळाडूंनी असले राजकीय चाळे कधी केले नाहीत. 2016 साली अमेरिकेत एकाने गुडघा टेकला, तिथून ही कीड लागली. खरे देशभक्त असाल तर पुढे पाठवा."

मी पुढे पाठवत नाही, उत्तरही देत नाही. या खेपेला मात्र तो आमच्या एका जुन्या सरांकडून आला. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं तरी खुर्चीतून उठणारा माणूस. त्यांना नुसतं "फेक आहे सर" म्हणून वाटेला लावणं बरं दिसेना. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"शेकडो वर्षांची परंपरा."

शेकडो नाही, जेमतेम सव्वाशे. 16 डिसेंबर 1905 रोजी कार्डिफला वेल्स आणि न्यूझीलंड यांचा रग्बी सामना होता. न्यूझीलंडच्या संघाने सामन्याआधी 'हाका' हे माओरी युद्धनृत्य केलं. त्याला जवाब म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपलं गीत सुरू केलं आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. सामन्याआधी असं गीत गायल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. म्हणजे सुरुवात झाली ती शिष्टाचार म्हणून नव्हे, तर 'तुमचं झालं, आता आमचं ऐका' अशा जोशात.

अमेरिकेतली गोष्ट तर योगायोगाची आहे. 5 सप्टेंबर 1918, पहिलं महायुद्ध चालू, शिकागोत बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. सातव्या डावाच्या मधल्या विश्रांतीत बँडने 'स्टार-स्पँगल्ड बॅनर' वाजवायला घेतलं. बॉस्टनचा फ्रेड थॉमस नौदलातून रजेवर येऊन खेळत होता. तो झेंड्याकडे वळला आणि त्याने कडक सलाम ठोकला. बाकीचे खेळाडू वळले, प्रेक्षक गायला लागले, आणि आयोजकांच्या लक्षात आलं की लोकांना हे आवडतंय. गंमत अशी की तेव्हा ते गीत अमेरिकेचं राष्ट्रगीत नव्हतंच. तो दर्जा त्याला 1931 साली मिळाला. दर सामन्याआधी ते वाजवायची सवय पक्की झाली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आणि गुडघा टेकण्यावरून ज्या अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढं रण माजलं, त्याच्या रात्रीच्या मोठ्या प्रक्षेपित सामन्यांत 2009 पर्यंत खेळाडू राष्ट्रगीताला मैदानावर नसायचेच. ते आत ड्रेसिंग रूममध्ये असायचे. 2015 साली तर दोन सिनेटरांच्या अहवालातून उघड झालं की मैदानांवरच्या सैनिकगौरवाच्या काही सोहळ्यांसाठी अमेरिकेचं संरक्षण खातं संघांना चक्क पैसे मोजत होतं. परंपरा म्हणून जे डोळ्यांत पाणी आणतं, त्याची पावतीही कुठेतरी फाटलेली असते.

इंग्लंड, स्पेन किंवा जर्मनीतल्या फुटबॉल लीगच्या रोजच्या सामन्याला राष्ट्रगीत वाजत नाही. तिथल्या लोकांचं देशावर प्रेम नाही, असं काही कुणी म्हणत नाही.

"ज्याचे ओठ हलत नाहीत, त्याच्या मनात देश नाही."

मग स्पेनच्या खेळाडूंनी काय हलवायचं? त्यांच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत. बोस्नियाच्याही नाहीत. 2010 साली स्पेनने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तो ओठ मिटूनच.

आता उलट बाजू बघा. 7 जानेवारी 2021, सिडनी, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. 'जन गण मन' चालू असताना मोहम्मद सिराजच्या गालावरून पाणी ओघळत होतं. वडील दीड महिन्यापूर्वीच गेले होते आणि तो दौरा सोडून घरी गेला नव्हता. त्या क्षणी वडिलांची आठवण आली, असं त्याने नंतर सांगितलं. सगळा देश त्या चेहऱ्याकडे बघत होता. त्या दिवशी शब्द नीट उच्चारले की नाही, हे तपासायला लाल गोलवाले फिरकले नाहीत. पण 26 जानेवारी 2017 ला कानपूरला परवेझ रसूल राष्ट्रगीताच्या वेळी च्युइंगम चघळताना दिसला म्हणून गदारोळ झाला, आणि 2022 च्या जानेवारीत केप टाउनला विराट कोहलीवर तोच आरोप झाला. तिथे तर ओठच काय, अख्खा जबडा हलत होता. म्हणजे हलले तरी अपराध, न हलले तरी अपराध. (चघळू नये, हे खरंच. पण तो शिस्तीचा प्रश्न झाला, निष्ठेचा नव्हे.)

ओठांच्या हिशेबातली खरी गोम इराणच्या संघाने दाखवली. 21 नोव्हेंबर 2022, कतारमधला विश्वचषक, समोर इंग्लंड. महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर इराणमध्ये आंदोलन पेटलेलं होतं. राष्ट्रगीत वाजलं आणि अकराच्या अकरा खेळाडू गप्प उभे राहिले. चार दिवसांनी, वेल्सविरुद्ध, त्याच संघाचे खेळाडू गायले. आता सांगा, चार दिवसांत त्यांच्या मनात देशप्रेम उगवलं का? दोन्ही दिवशी संघ तोच होता, गीत तेच होतं. ज्या दिवशी ओठ मिटलेले होते, त्या दिवशी ते देशाचा जास्त विचार करत होते असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटायलाच हवं असं नाही. पण फोटोतल्या ओठांवरून यातलं काहीएक कळत नाही, एवढं तरी मान्य करा.

"कायद्याने तीन वर्षं कैद."

तीन वर्षांचा आकडा हवेतला नाही. 1971 चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याच्या कलम 3 मध्ये तो आहे. पण कशासाठी? जो जाणूनबुजून राष्ट्रगीत गायला अटकाव करतो, किंवा गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणतो, त्याच्यासाठी. न गाण्याचा त्यात उल्लेख नाही. राष्ट्रगीत चालू असताना श्रोत्यांनी सावधान उभं राहावं असं केंद्र सरकारचे आदेश सांगतात, आणि ते पाळावेत. पण त्या आदेशांत शिक्षा लिहिलेली नाही.

न गाण्याचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयात 1986 सालीच सुटला आहे. केरळमधल्या एका शाळेतली तीन भावंडं. प्रार्थनेच्या वेळी ती इतरांसारखीच उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. 1985 साली त्यांना शाळेतून काढलं. न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभं राहणं पुरेसं आहे, न गाणं हा अनादर नव्हे. आणि मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं. पुढे सिनेमागृहांत राष्ट्रगीत सक्तीचं झालं ते 30 नोव्हेंबर 2016 च्या अंतरिम आदेशाने, आणि त्याच न्यायालयाने 9 जानेवारी 2018 ला ती सक्ती मागे घेतली. मेसेजवाल्यांच्या दिनदर्शिकेत मात्र 2016 नंतरचं पान उलटलेलंच नाही.

सर, कलमाची भाषा पुन्हा एकदा वाचा. व्यत्यय आणणारा. राष्ट्रगीत चालू असताना शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारून "ए, गा की रे!" म्हणून ओरडणारा माणूस त्या कलमाच्या जास्त जवळ आहे. गप्प उभा राहिलेला नाही.

"आधीच्या खेळाडूंनी असलं काही केलं नाही."

ही मेसेजमधली सगळ्यात मोठी थाप, आणि इथे मी जरा बैठक मारणार आहे.

9 ऑगस्ट 1936, बर्लिन ऑलिंपिक. मॅरेथॉन जिंकली सोन की-चुंग या कोरियन तरुणाने. पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. त्यामुळे त्याची नोंद जपानी नावाने झाली, छातीवर जपानचं चिन्ह आलं आणि विजेत्याच्या मानाचं गीत वाजलं तेही जपानचं. त्या स्पर्धेत विजेत्यांना ओकचं एक रोपटं भेट देत. सोन मान खाली घालून उभा राहिला आणि ते रोपटं त्याने अशा बेताने धरलं की छातीवरचं चिन्ह झाकलं जावं. तिसरा आलेला नाम सुंग-याँगही कोरियनच. त्याने पुढे सांगितलं, की मला सोनच्या सुवर्णपदकापेक्षा त्याच्या हातातल्या रोपट्याचा हेवा वाटला. नामकडे चिन्ह झाकायला काही नव्हतं. कोरियातल्या एका वर्तमानपत्राने सोनचा फोटो छापताना ते चिन्ह पुसून टाकलं, तर पत्रकार तुरुंगात गेले आणि पेपर काही महिने बंद पडला. याच सोनने 1988 साली, वयाच्या सत्तरीत, सोल ऑलिंपिकच्या मैदानात मशाल आणली.

त्याच बर्लिनमध्ये सहा दिवसांनी हॉकीचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध जर्मनी. तारीख 15 ऑगस्ट, जी तेव्हा कॅलेंडरवरची एक साधी तारीख होती. सामन्याआधी संघाच्या बरोबरच्या पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. ध्यानचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला वंदन केलं आणि मग मैदानात जाऊन जर्मनीला 8-1 असं धुतलं. अधिकृत झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता आणि गीत इंग्लंडच्या राजाचं. मेसेजच्या न्यायाने पाहिलं तर आपला सगळ्यात लाडका हॉकी संघ राजकीय चाळे करणारा ठरतो.

मग 1968 चं मेक्सिको. 200 मीटरच्या पदकसमारंभात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय अमेरिकनांनी राष्ट्रगीत चालू असताना वर्णभेदाच्या निषेधार्थ बूट काढून, मान खाली घालून, काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. फोटोत नीट बघा. स्मिथचा उजवा हात वर आहे, कार्लोसचा डावा. कारण कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता, म्हणून एकच जोडी दोघांनी वाटून घेतली. इतकी मोठी घटना, आणि मध्ये हा विसरभोळेपणा. मला तो फोटो त्यामुळेच जास्त खरा वाटतो. दोघांची स्पर्धेतून हकालपट्टी झाली. शेजारी उभा असलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन नुसता मानवी हक्कांचा बिल्ला लावून उभा होता. 2006 साली तो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला स्मिथ आणि कार्लोस या दोघांनी खांदा दिला.

त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लावस्का सोव्हिएत राष्ट्रगीत चालू असताना मान वळवून खाली बघत राहिली. दोनच महिन्यांपूर्वी सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात घुसले होते. ना घोषणा, ना फलक, नुसती मान. मायदेशी तिला पुढे अनेक वर्षं डावललं गेलं.

1996 साली बास्केटबॉलपटू महमूद अब्दुल-रौफ उभा राहत नाही म्हणून त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. शेवटी तोडगा निघाला की त्याने उभं राहावं, पण मान खाली घालून आपली प्रार्थना करावी. आणि मग आला मेसेजमधला 'कीड लावणारा', म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळणारा कॉलिन कॅपर्निक. कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ 2016 च्या ऑगस्टमध्ये तो आधी बाकावर बसून राहिला. मग नेट बोयर नावाचा माजी सैनिक त्याला भेटला. बसू नकोस, गुडघा टेक, असं त्याने सुचवलं. शहीद साथीदाराच्या थडग्यासमोर सैनिक गुडघा टेकतात, म्हणून. 1 सप्टेंबरला कॅपर्निकने गुडघा टेकला तेव्हा बोयर शेजारी उभा होता, छातीवर हात ठेवून. ज्या कृतीला सैनिकांचा अपमान म्हणून बडवलं गेलं, ती एका सैनिकाने सुचवलेली होती.

हे सगळं पटायला पाहिजे असं माझं म्हणणं नाही. मला स्वतःला राष्ट्रगीत लागल्यावर गुडघा टेकणं जमायचं नाही, माझ्या टाचा आपोआप जुळतात. पण या माणसांनी नेमका तोच क्षण निवडला, कारण त्यांच्या लेखीही त्या क्षणाला वजन होतं. ज्याला राष्ट्रगीताची किंमत नाही, तो त्या वेळी रांगेत पॉपकॉर्न घेत असतो.

आणि इथेच मेसेजमध्ये न लिहिलेली, पण सरांच्या मनात असलेली खरी तक्रार येते. ती मला सोळा आणे मान्य आहे. पूर्ण 'जन गण मन'ला साधारण 52 सेकंद लागतात. तेवढ्यात लोक सेल्फी काढतात, फोनवर "हां, दिसतोय का मी?" म्हणतात, शेवटची ओळ यायच्या आत ओरडायला लागतात. समोरच्या संघाचं राष्ट्रगीत चालू असताना शिट्ट्या मारणारे तर सगळ्या देशांत भेटतात. 2001 साली पॅरिसला फ्रान्स-अल्जीरिया सामन्याआधी फ्रान्सच्या राष्ट्रगीताची हुर्यो झाली. आपलं म्हणणं मांडायला गप्प राहणं वेगळं आणि दुसऱ्याला ऐकूच येऊ न देणं वेगळं. यावर मेसेज काढा सर, मी पुढे पाठवीन. फक्त कुणाच्या तोंडाभोवती गोल काढू नका.

गोल काढणाऱ्यांना एकच प्रसंग विचारतो. मार्च 2012, कुवेतमधली नेमबाजी स्पर्धा. कझाकस्तानच्या मारिया दिमित्रिएंकोला सुवर्णपदक मिळालं, आणि आयोजकांनी तिच्या राष्ट्रगीताऐवजी एका विनोदी चित्रपटातलं त्याचं विडंबन वाजवलं. इंटरनेटवरून भलतीच फाइल उतरवलेली. गाण्यात तिच्या देशाची टिंगल, आणि ही छातीवर हात ठेवून ते संपेपर्यंत सरळ उभी. संपल्यावर किंचित हसली. तिचे ओठ हलायला हवे होते की नको? आयोजकांनी माफी मागितली आणि समारंभ पुन्हा घेतला, या वेळी खऱ्या गीतावर. ती पुन्हा येऊन तशीच उभी राहिली.