हिल एंडचा ‘286 किलो शुद्ध सोन्याचा गोळा’: फोटोही जोडलेला, गोष्टही

दाढीवाला गृहस्थ आणि शेजारी जवळजवळ त्याच्याच उंचीचा सोन्याचा दगड, हा जुना फोटो तुमच्याही ग्रुपवर आला असेल. खाली मजकूर असा: 1872 साली ऑस्ट्रेलियातल्या हिल एंड गावात होल्टरमन नावाच्या गरीब मजुराला 286 किलो शुद्ध सोन्याचा गोळा सापडला, तो एका रात्रीत कोट्यधीश झाला.

आधी फोटो. होल्टरमन स्टुडिओत उभा राहिला तो स्टँडवर हात टेकून. दगडाचा फोटो वेगळा, मागचा व्हरांडा तिसराच. एआय यायच्या दीडशे वर्षं आधीची करामत!

‘शुद्ध’ तर मुळीच नाही. 286 किलो वजन अख्ख्या दगडाचं. गारगोटीत शिरलेलं सोनं त्यात 93 किलोच्या आसपास धरतात. अस्सल नगेट, म्हणजे निसर्गातच सापडलेला सोन्याचा गोळा म्हणाल, तर सर्वात मोठा 1869 साली ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरियात, मोलियागुलला निघाला: ‘वेलकम स्ट्रेंजर’. जमिनीखाली जेमतेम दोन बोटं. डनॉली गावात तेवढा मोठा काटाच नव्हता, म्हणून आधी ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे केले आणि मग तोलला.

‘मजुराला सापडला’ हेही अर्धवट. 19 ऑक्टोबर 1872 ला रात्रपाळीत, स्टार ऑफ होप खाणीत सुरुंग उडाल्यावर दगड उघडा पडला. खाण कंपनीची, होल्टरमन तिच्यातला एक भागीदार. दगड अख्खा राहावा म्हणून अंदाजित किमतीवर हजार पौंड जास्त द्यायला तो तयार होता. कंपनीने ऐकलं नाही. दगड फोडून, दळून सोनं काढलं. म्हणजे तो कुठल्याही संग्रहालयात बघायला मिळणार नाही.

आणि ‘एका रात्रीत’? हॅम्बुर्गचा हा माणूस 1858 सालीच सिडनीला उतरला होता. भागीदार बायर्सबरोबर हिल एंडच्या हॉकिन्स हिल टेकडीवर वर्षानुवर्षं खणलं, एकदा सुरुंगाची दारू अवेळी उडून मरता मरता वाचला. सोन्याची चांगली शीर लागली ती 1871 मध्ये, म्हणजे या दगडाच्या आधीच.

त्याने पैसा कशात घातला, हे मात्र पोस्टमध्ये येत नाही. बोफॉय मर्लिन आणि चार्ल्स बेलिस या छायाचित्रकारांना त्याने पाठबळ दिलं. त्यांनी हिल एंडची दुकानं टिपली, दारात मालक आणि पोरंटोरं उभी करून. त्या संग्रहातल्या साडेतीन हजारांच्या आसपास काचेच्या निगेटिव्ह 1951 मध्ये सिडनीच्या चॅट्सवुडमधल्या एका परसातल्या शेडमध्ये मिळाल्या. 1874 पर्यंत हिल एंडचं सोनं आटत आलं होतं, हजारोंची वस्ती पांगली. आज तिथे शंभरेक माणसं राहतात. फॉरवर्ड करायचेच तर त्या दुकानांचे फोटो करा, ते जोडलेले नाहीत.