नुसत्या चाळणीवर भिस्त नको
साठवलेल्या धान्यातल्या किडीवरच्या तुमच्या लेखात दर पंधरवड्याला धान्य चाळून किडे मोजायला सांगितलंय. ठीक आहे, पण सोंड्याची (धान्य पोखरणाऱ्या, सोंडेसारखं तोंड असलेल्या किड्याची) अळी दाण्याच्या आतच वाढते, चाळणीत कुठून सापडणार? किडा भोक पाडून बाहेर येईस्तोवर महिनाभर गेलेला असतो. आमच्या खानापूर भागात भात टरफलासकट ठेवला तर त्रास कमी. तांदूळ करून ठेवला की सुरू. जोंधळ्याचं तर विचारूच नका! त्यापेक्षा कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाचा नळीसापळा बरा. भोकांची नळी धान्यात उभी खुपसायची. हवेच्या ओढीनं किडे भोकांतून आत शिरतात, खाली घसरून पडतात आणि वर चढू शकत नाहीत. आमची आई पोत्यात कोपरापर्यंत हात घालून किड्यांमुळं येणारी ऊब बघायची. पण ऊब लागेपर्यंत किडे भरपूर झालेले असायचे.