पॅरालिम्पिकचे प्रक्षेपण : ‘एक वाचक’ यांना उत्तर

पॅरालिम्पिकच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील माझ्या मागच्या लेखाला ‘एक वाचक’ या नावाने एका महोदयांची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वाहिन्या जाहिरातींवर चालतात, त्यामुळे प्रेक्षक नसलेला खेळ त्या दाखवणार नाहीत, खेळाडूंच्या कष्टांच्या कहाण्यांमुळेच लोक टीव्हीसमोर बसतात, तेव्हा त्यांना आक्षेप घेण्याचे कारण नाही, आणि शेवटी, ‘नागपुरात घरी बसून विलायती वाहिन्यांचे गोडवे गाणाऱ्या धडधाकट माणसाने अपंगांच्या नावाने गळा काढू नये.’

एक गोष्ट आधीच मान्य करतो. पॅरिस २०२४ च्या स्पर्धा भारतात मोबाइलवर थेट पाहता आल्या, ही मोठी सोय झाली आणि ती आपण लक्षात आणून दिलीत, याबद्दल आभार. त्यापुढचे मात्र मला मान्य नाही, आणि ज्या स्वरात ते लिहिले आहे तो तर मुळीच नाही.

मतभेद सभ्यपणे मांडता येतो. मी कोणाच्याही वतीने काही मागितले नव्हते. समालोचकाने खेळाडूचे दुःख सांगण्याआधी खेळ समजावून सांगावा, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर माझे हातपाय शाबूत आहेत की नाहीत, हे तपासण्याची गरज नव्हती. आपण ते तपासलेच आहे, तर ऐका.

माझे थोरले बंधू जन्मापासून दृष्टिहीन आहेत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात ते रेडिओवर हॉकीचे समालोचन ऐकत आणि चेंडू कोणत्या बगलेवरून कोणाकडे गेला हे मला समजावून सांगत. पुढे त्यांनी बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, सुट्टीच्या दिवशी आवाज करणाऱ्या चेंडूने क्रिकेट खेळले, आणि आजही पॅरालिम्पिक सुरू झाले की ते माझ्याशेजारी येऊन बसतात. त्यांच्यापर्यंत खेळ पोहोचतो तो केवळ समालोचकाच्या शब्दांतून. पॅरिसमध्ये नवदीप सिंग यांनी एफ-४१ गटात ४७.३२ मीटर भाला फेकला, तेव्हा आम्ही लावलेल्या वाहिनीवरचा समालोचक त्यांच्या उंचीबद्दल आणि लहानपणी झालेल्या चेष्टेबद्दल बोलत राहिला होता. दादा दोनदा म्हणाले, ‘अरे, भाला किती गेला ते तर सांगा.’ मग पहिल्या क्रमांकावरचे इराणचे सादेग बेत सायाह अपात्र ठरले आणि नवदीप यांचे रौप्य सुवर्ण झाले; पण ते कोणत्या कारणाने, हे दादांना मला मोबाइलवर शोधून वाचून दाखवावे लागले. एफ-४० आणि एफ-४१ हे दोन्ही कमी उंचीच्या खेळाडूंचे गट आहेत आणि त्यांच्यात फरक असतो तो उंची व हातांच्या लांबीच्या मर्यादेचा. हे सांगायला एक वाक्य पुरते. ते एक वाक्य मागणे म्हणजे गळा काढणे असेल, तर तो मी यापुढेही काढीन.

विलायती गोडव्यांचा आरोपही लेख नीट वाचून केलेला दिसत नाही. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या वेळी ब्रिटनच्या चॅनेल फोरने ‘लेक्सी’ नावाची चित्रपद्धती वापरली होती. माजी पॅरालिम्पिक जलतरणपटू जाइल्स लाँग यांनी ती तयार केली होती, आणि कोणता खेळाडू कोणत्या गटात का आहे, हे ती मानवी आकृतीवर रंगांनी दाखवत असे. त्याच स्पर्धेची अमेरिकेतल्या एनबीसीने एकही शर्यत थेट दाखवली नाही आणि एकंदर साडेपाच तासांत सगळे उरकले, हेही मी त्याच लेखात लिहिले होते. ते आपल्याला दिसले नाही, कारण आपल्याला माझा मुद्दा नको होता, माझा पत्ता हवा होता.

नागपूरबद्दल म्हणाल, तर इथल्याच रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचे, म्हणजे चारही प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीचे, सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या एस-११ या दृष्टिहीनांच्या गटात सगळ्याच जलतरणपटूंना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे थोडेफार दिसणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळत नाही, आणि भिंत जवळ आली की काठावरचा मदतनीस काठीने स्पर्श करून इशारा देतो. त्या स्पर्शाला एक क्षण उशीर झाला तर वळण हुकते, हात भिंतीवर आदळतो. यात पाहण्यासारखे, समजून घेण्यासारखे, श्वास रोखून धरण्यासारखे किती आहे, ते आपणच ठरवा.

जाहिरातींच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. लंडनचा उद्घाटन सोहळा ब्रिटनमध्ये एका वेळी १ कोटी १२ लाख लोकांनी पाहिला. प्रेक्षक नसतात हे विधान तिथेच संपते. कहाण्यांना माझा विरोध नाही. भाला हवेत असताना त्या सांगू नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहावे, ही विनंती. आणि टोकियो पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या विनोद कुमार यांना एफ-५२ या, बसून फेकणाऱ्या खेळाडूंच्या गटाच्या थाळीफेकीत मिळालेले कांस्यपदक दुसऱ्याच दिवशी का रद्द झाले, हे आपण पाहिलेल्या वाहिनीने आपल्याला समजेल असे सांगितले होते का, तेही कळवावे.