'पैसे उकळले' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्याकडे कॉम्प्युटर नेटवर्कचा रॅक (राउटर, स्विच ठेवायची पत्र्याची चौकट) आणि यूपीएस बसवायचं आमचं काम लांबलं, तेवढे दिवस लॅबचे रिपोर्ट पेन ड्राइव्हवरून खाली-वर करावे लागले, पेशंटची बोलणी तुम्हाला ऐकावी लागली, याबद्दल मनापासून माफी मागतो. पण तुम्ही लिहिलंय की आम्ही 'जागा मुद्दाम बदलायला लावली आणि अर्थिंगच्या नावाखाली १८,००० रुपये उकळले'. चिपळूणसारख्या गावात आमचा धंदा एकमेकांच्या शब्दावर चालतो. त्यामुळे गप्प बसणं मला परवडणारं नाही.

आधी रॅकच्या जागेचं. तुमच्या इंटिरियरवाल्यांनी आम्ही यायच्या आधीच जिन्याखाली प्लायचं कपाट करून ठेवलं होतं. रॅक, यूपीएस आणि बॅटऱ्या त्यातच बसवा, असा आग्रह होता. त्याच भिंतीवर इमारतीचे मीटर आणि थ्री-फेज मेन पॅनेल आहे. अशा पॅनेलसमोर किमान १ मीटर जागा मोकळी लागते, हा वीज सुरक्षेचा नियम आहे. कपाटाचं दार उघडलं की वायरमनला उभं राहायलाही जागा उरत नव्हती. वरच्या मजल्यावरून उतरायला तो एकच जिना आहे. २०१६ची राष्ट्रीय इमारत संहिता जिना ही आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट म्हणून मोकळा ठेवायला सांगते. मीटर तिथे आहेत, ते आमच्या हातात नाही. पण त्यांच्या शेजारी बंद लाकडी कपाटात बॅटऱ्या कोंबायला मी तयार नव्हतो, आजही नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सोडते, आणि २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

आणि पुराचं मी वेगळं सांगायला हवं का? २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानांमधून राउटर, स्विच, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर (डीव्हीआर) आम्हीच चिखलातून काढले. पोर्टांमध्ये गाळ सुकून बसला होता, त्यातलं जवळजवळ काहीच परत चालू झालं नाही. २००५लाही गावाने हेच पाहिलं होतं. म्हणून वरची मागची खोली सुचवली. तिथे खिडकी आहे, वर बाथरूम नाही, दाराला कुलूप आहे. केबल लांबली हे खरं, पण नेटवर्क केबलची ९० मीटरची मर्यादा कुठेच ओलांडलेली नाही.

आता अर्थिंग, म्हणजे बिघाड झाला तर वीज जमिनीत उतरवायची सोय, कारण मनाला लागलं ते इथेच. तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला मागे वायरच नव्हती. तुमच्या नेहमीच्या वायरमनने सुचवलं की न्यूट्रलचाच (विजेच्या परतीच्या वायरचाच) एक तुकडा त्या पिनला जोडा, तपासायच्या मीटरवर रीडिंग छान येतं. येतंच. पण एखाद्या दिवशी मागे न्यूट्रल तुटला की रॅकच्या पत्र्यावर, कॉम्प्युटरच्या बॉडीवर सरळ २३० व्होल्ट येतात, आणि तिथे तुमच्याकडे कामाला असलेल्या मुली हात लावून काम करतात. म्हणून मागच्या अंगणात अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा (पिट) घेतला आणि टेस्टरवर ५ ओहमच्या आत रीडिंग आल्यावरच रॅक जोडला. ते रीडिंग टेक्निशियनने तुमच्यासमोर घेतलं आणि रिपोर्टवर तुमची सही आहे. त्या १८,००० मध्ये पाइप, तांब्याची वायर, जादा केबल आणि कोबा फोडून परत घालायची मजुरी आली. पावत्या तुमच्या फाइलला लावल्या आहेत. काम सुरू करण्याआधी हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि तुमचं 'ठीक आहे' आल्यावरच खड्डा घेतला.

उशीर झाला तो कोबा फोडायला जागामालकांची परवानगी मिळेपर्यंत, आणि नंतर फॉल्स सीलिंग आमची केबल टाकायच्या आधीच बंद केलं म्हणून. तुमच्या माणसांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. पुन्हा उघडताना आमच्या पोरांचा आवाज चढला असेल, तर त्यांना समज दिली आहे.

यापुढे अर्थिंग आणि जागेचा मुद्दा कोटेशनमध्येच वेगळा लिहायचा प्रयत्न राहील.

रॅकच्या पंख्याचा आवाज येतो असंही तुम्ही लिहिलंय. शनिवारी दुपारी माणूस येऊन तो बदलून देईल, त्याचे पैसे नाहीत. स्टार किती द्यायचे ही तुमची मर्जी. फक्त 'उकळले' हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.