मालकाचं बोललं की गप्प का करता?

नांदेडात आम्ही न्यूकॅसलवाले, म्हणजे इंग्लंडातल्या न्यूकॅसल फुटबॉल क्लबचे चाहते, मोजकेच, अन् दर वेळेस मी मालकाचा विषय काढला की पोरं म्हणतात, "भौ, गेम बघ की, तुला काय करायचंय?" आरं कामून नाही करायचं? २०२१ ला सौदीच्या सरकारी फंडानं क्लब घेतला, फंडाचा चेअरमन तिथला युवराज, अन् २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार खशोगीला सौदीच्याच माणसांनी मारलं ते विसरायचं का? २०२५ ला लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप आला, १९५५ नंतर इंग्लंडातला पहिलाच मोठा कप, मी बी अर्ध्या रात्री घसा फाटोस्तोवर ओरडलो. पण सौदीच्या टीमसारखी ती २०२२ ची पांढरी-हिरवी जर्सी घ्यायला हातच धजला नाही. क्लबवर जीव आहे म्हणूनच बोलतो ना लेकांनो!