थोडा गॅस भरला की झालं

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, विकणाऱ्या गोऱ्या आजोबांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. छत एका कोपऱ्यात गळतं, न्हाणीतलं गरम पाणी चार मिनिटांत संपतं, गाडी एका गॅलनमध्ये सात मैल जाते. 'सात' म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला, तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मग त्यांनी डॅशबोर्डवरच्या एसीच्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याचं विशेष काही नाही. थोडा गॅस भरला की झालं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या साताऱ्याच्या घरी फ्रिजवाला हेच म्हणायचा, आणि त्यानंतर फ्रिज दोन महिने त्याच्या दुकानात राहायला जायचा. पण तेच वाक्य इंग्रजीत ऐकलं की माणसाची अक्कल जरा गहाण पडते.

तर अशी १९८८ सालची मोटरहोम आमच्या दारात आली. दार रिव्हरसाइडमधलं, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातलं. ऑगस्टमध्ये इथे कावळेही सावली सोडत नाहीत. गाडी तीस फूट लांब, पुढची काच कापड दुकानाच्या शोकेसएवढी. इंजिन ७.४ लिटरचं, आणि ते गाडीच्या बाहेर नाही, आत, माझ्या आणि शेजारच्याच्या सीटच्या मधोमध. त्यावर गालिचा चिकटवलेलं एक झाकण. वरून ऊन, बाजूने इंजिन. सासूबाईंनी एका सकाळी उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, त्या संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळल्या. गाडीचा तेवढा एक उपयोग घरात सर्वमान्य झाला.

"अरे, छतावर एक एसी आहे ना? तोच लाव की," बायको पहिल्याच दिवशी म्हणाली. छतावर एसी होता आणि तो उत्तम चालत होता. पण त्याला जनरेटर लागतो, आणि जनरेटरला पुन्हा वेगळं पेट्रोल. शिवाय त्याचा गारवा पुढपर्यंत पोचता पोचत नाही. मागे पलंगावर महाबळेश्वर आणि स्टिअरिंगवर नागपूर. आणि गाडीत एक वस्तू बंद आहे हे माहीत असताना दुसरी वापरून भागवणं माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, "बरं." लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

सासरे, म्हणजे नाना, तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. ते एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरून, म्हणजे कंडेन्सरवरून, बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल हुंगलं आणि म्हणाले, "जावईबापू, एसटीत हा प्रकार नव्हता. आमच्याकडे खिडकी असायची."

पहिला धक्का गॅरेजात बसला. या गाडीतला गॅस आर-१२. त्याचं उत्पादन अमेरिकेत १९९५ अखेर बंद झालं. जुना साठा अजून कुठे कुठे मिळतो, पण तो घ्यायला परवाना लागतो आणि भाव ऐकायला खुर्ची लागते. म्हणजे गाडी नव्या गॅसवर, आर-१३४ए वर, न्यायची. पण आधी जुना गॅस मशीन लावून काढून घ्यायचा. हवेत सोडणं हा गुन्हा आहे. मेकॅनिकने दाब मोजायचं गेज लावलं. काटा हललाच नाही. आत गॅस नव्हताच.

"मग गेला कुठे?" मी विचारलं. त्याने बोट वर केलं.

मी हादरलोच. हा गॅस वर जाऊन शंभरेक वर्षं टिकतो, आणि त्यातला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडतो. आजोबांनी दर उन्हाळ्यात 'थोडा थोडा' भरलेला गॅस सगळा तिकडे पोचला असणार. नानांनी मात्र शोधकाचं नाव विचारलं. थॉमस मिजली. याने १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा गॅस छातीभर ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली: बघा, विषारी नाही, पेटतही नाही. टाळ्या पडल्या. त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही याच माणसाची. "एकाच माणसाने दोन्ही?" नाना म्हणाले. "मग गृहस्थ कामसू होता म्हणायचा."

पार्टच्या दुकानातला पोरगा विशीतला. आर-१२ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ट्रंक कॉल लावून मागतोय. जुन्या गॅससोबत खनिज तेल फिरतं, ते १३४ए मध्ये मिसळत नाही. म्हणून तेल बदलायचं. "पॅग की एस्टर?" त्याने विचारलं.

सकाळचे दहा वाजले होते. नानांच्या भुवया वर गेल्या. "पेग? इथे?"

पॅग हे तेलाचं नाव आहे, हे त्यांना समजावलं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि जुन्या गॅसचे अवशेष उरलेल्या गाडीत त्याचं जमत नाही. म्हणून एस्टर घेतलं. एस्टर म्हटलं की मला वसईच्या एखाद्या मावशीच वाटतात; सगळ्यांशी जुळवून घेणाऱ्या. बिल करता करता पोरगा सहज म्हणाला की १३४ए सुद्धा आता जुना झाला. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला त्रास नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून वरचढ आहे. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद आहे. नवा गॅस वेगळाच, आणि त्याची किंमत वेगळीच. म्हणजे मी घाम गाळून अपात्र उमेदवाराच्या जागी दुसरा अपात्र उमेदवार बसवत होतो.

चार डबे घेतले. कॅलिफोर्नियात प्रत्येक डब्याला दहा डॉलर अनामत भरावी लागते, रिकामा डबा परत केला की मिळते. आरेच्या बाटल्या घेऊन केंद्रावर उभ्या राहिलेल्या पिढीतला मी. अमेरिकेत आल्यापासून इतकं घरच्यासारखं मला कुठेच वाटलं नव्हतं.

मग दोन शनिवार-रविवार. कॉम्प्रेसर सोडवून उलटा केला, आतलं काळं तेल निथळायला ठेवलं. ड्रायर बदलला. हा ड्रायर म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा, लोणच्याच्या बरणीपेक्षा लहान. तो जिथे बसवला होता तिथे मनुष्याचा हात जात नाही. गाडीचा सांगाडा एका कंपनीचा, वरचं घर दुसरीचं, एसी तिसरीचा, आणि तिघांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नसावीत. शेवटी हात नानांचाच गेला. ते गाडीखाली आडवे पडून म्हणाले, "बारा नंबरचा पाना." मी पाना दिला. "हा अर्ध्याचा आहे." नाना मिलिमीटरमध्ये आणि गाडी इंचांत, असा तो संवाद तासभर चालला.

नळ्यांच्या सांध्यांतल्या जुन्या काळ्या रबरी ओ-रिंगा काढून हिरव्या घातल्या. एक रिंग गडगडत गेली ती अजून सापडलेली नाही. गॅस भरायच्या तोंडांवर नवे अडॅप्टर बसवले, एकदा बसले की ते निघत नाहीत. चुकून पुन्हा जुना गॅस कुणी भरू नये म्हणून. शेवटी नियमाप्रमाणे एक आकाशी रंगाचं लेबल लावायचं: कोणता गॅस, कोणतं तेल, कधी बदललं आणि कोणी. स्टीलच्या भांड्यावर नाव घालतात तसंच. नानांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव घातलं, देवनागरीत.

व्हॅक्यूम पंप पार्टच्या दुकानातून अनामत ठेवून फुकट वापरायला मिळाला. तो पाऊण तास घरघरत राहिला. आतली हवा ओढून घेतली की आत राहिलेलं पाणी साध्या उन्हातच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. नंतर पंप बंद करून काटा हलतो का, म्हणजे कुठे गळतंय का, ते बघत बसायचं. आम्ही दोघं खुर्च्या टाकून त्या काट्याकडे अर्धा तास बघत होतो. शेजारी येऊन, पाहून, न बोलता परत गेला.

गॅस मोजूनच भरायचा, आणि जुन्यापेक्षा कमी: मूळ वजनाच्या ऐंशी ते नव्वद टक्के. पुसट लेबलावर साडेतीन पौंड दिसत होतं. तीन पौंड म्हणजे बरोबर चार डबे. डबा कणकेच्या काट्यावर ठेवून ग्रॅम उतरताना बघायचे होते. तो काटा नंतर स्वयंपाकघराने परत घेतला नाही.

इंजिन चालू केलं. कॉम्प्रेसरने 'खट्' केलं. बाहेर १०० अंश फॅरनहाइट, आणि झरोक्यात खोचलेला थर्मामीटर उतरत उतरत ५२ वर, म्हणजे अकरा सेल्सिअसवर आला. नानांनी मफलर मागितला. ही त्यांची दाद होती.

पुढच्या शुक्रवारी सगळे युटामधलं झायन राष्ट्रीय उद्यान बघायला निघालो. बारस्टोच्या पुढे मोहावी वाळवंट, आत गारवा, सासूबाईंच्या अंगावर शाल. बेकर नावाचं एवढंसं गाव आहे, तिथे जगातला सगळ्यात उंच थर्मामीटर उभा आहे. १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणून त्याची उंचीही १३४ फूट. नानांनी आकडा ऐकला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "आमच्याच गॅसच्या नावानं बांधलाय." त्यावर त्या वेळी १११ दिसत होतं.

बेकर संपलं की चढ लागतो. खंबाटकी चार वेळा एकापाठोपाठ एक जोडावा असा. साधारण हजार फुटांवरून चार हजारांच्या वर. चढाच्या सुरुवातीलाच सरकारी पाटी: गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा.

मी ती पाटी वाचली नाही असं दाखवलं. पण कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याची सगळी ऊब इंजिनाच्या नशिबी येते. दोन मैलांत काटा लाल रेषेकडे सरकायला लागला. एसी बंद केला. काटा थांबला, जरा विचार केला आणि पुन्हा निघाला.

"जावईबापू," नाना शांतपणे म्हणाले, "हीटर लावा. इंजिनाची उष्णता आत घ्या. घाटात आम्ही असंच करायचो."

मी हीटर लावला. १११ अंशांत, मोहावीत, ऑगस्ट महिन्यात. नानांनी खिडकी सरकवली, कोपर बाहेर काढलं आणि एसटीत बसल्यासारखे छान ऐसपैस बसले. आरशात मला बायको दिसली. ती काही बोलली नाही. तिने जनरेटरचं बटण दाबलं, छतावरचा एसी लावला, आईला जवळ बोलावलं आणि मधला पडदा ओढून घेतला.