थ्रिलरला एक स्टार कसा द्यावा

तुम्हालाही नेटवर पिक्चरबद्दल मत द्यायचंय का? द्या की. कमी पैशात केलेला, नावं माहीत नसलेल्या नटांचा, लग्नाबाहेरच्या भानगडीवरचा थ्रिलर म्हणजे मत देणाऱ्यांसाठी मोकळं रान. मोठ्या स्टारच्या पिक्चरला नावं ठेवली की त्याचे फॅन अंगावर येतात, इथे कोणी येत नाही, फार तर दिग्दर्शकाची आई येईल. तर काही टिपा देते. सगळ्या स्वतः त्रास सोसून मिळवलेल्या आहेत, तुम्हाला फुकट.

सगळ्यात आधी, शेवट शीर्षकातच सांगून टाका. आत मजकुरात दडवू नका, लोक आत जाऊन वाचतीलच याचा काय भरवसा? परवा रात्री मला असाच एक छोटा थ्रिलर बघायचा होता. किती लांब आहे एवढंच बघायला गेले आणि समोर ठळक अक्षरात, 'बायकोनेच मारलं हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं'. दहा मिनिटं कशाला, मला तर सुरू व्हायच्या आधीच कळलं! स्पॉयलर आहे, म्हणजे पुढे शेवट फुटणार आहे, अशी खूण करायची सोय असते, पण ती भित्र्या लोकांसाठी. १९५५ साली फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझोने 'ले दियाबोलिक'च्या शेवटी पडद्यावर चक्क पाटी टाकली होती, की बाबांनो जे बघितलं ते मित्रांना सांगू नका, त्यांची मजा घालवू नका. त्यातही एक नवरा, त्याची बायको आणि त्याची बाई आहे, पुढचं मी सांगणार नाही, मी अजून तुमच्याइतकी तयार झालेली नाही. हिचकॉकने तर १९६० मध्ये 'सायको' सुरू झाल्यावर कोणाला आत सोडायचंच नाही असा नियम केला होता. काय भोळी माणसं!

पिक्चर बघताना हातात फोन हवाच.

शक्यतो दीडपट स्पीडवर बघा आणि मग लिहा की पात्रं उभीच राहत नाहीत. राहतील कशी, पळवताय तुम्ही त्यांना.

'प्रेडिक्टेबल' हा शब्द कुठेही चालतो. खुनी कोण हे आधी ओळखता आलं म्हणजे पिक्चर फेल, एवढा सोपा हिशोब ठेवा. मग १९४४ चा 'डबल इंडेम्निटी' घ्या. त्यात विमा विकणारा हिरो सुरुवातीलाच डिक्टाफोनसमोर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर, बसून कबुलीजबाब देतो, की खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी, आणि शेवटी हाताला दोन्हीतलं काही लागलं नाही. म्हणजे सगळंच सांगून मोकळा! तरी लोक आजही श्वास रोखून बघतात, कारण प्रश्न कोणी मारलं हा नसतोच, पकडले कधी जाणार हा असतो. त्या पिक्चरला ऑस्करची सात नामांकनं होती. पण तुम्ही नका बदलू मत. तुम्ही ओळखलंत ना, झालं मग.

बजेटवर बोलायचं असेल तर 'सिरियलसारखं वाटतं' एवढं लिहा, पुरतं. का वाटतं ते विचारू नका. सगळा पिक्चर एकाच घरात का, पात्रं चारच का, पाठलाग गाडीतून न होता जिन्यावर का होतो, रात्रीच्या सीनमध्ये खोलीचा एकच कोपरा का दिसतो, याचं उत्तर शूटिंगचा एकेक दिवस वाढला की किती पैसे जातात यात असतं, आणि ते समजून घ्यायला तुम्हाला वेळ नाही. १९४५ मध्ये एडगर उल्मर या दिग्दर्शकाने 'डिटूर' केला तेव्हा न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते, म्हणून त्याने धुकं सोडलं, एवढं दाट की मागे काही नाही हेच कळू नये. आज तो पिक्चर शिकवला जातो. कोएन या दिग्दर्शक भावांनी 'ब्लड सिंपल'साठी (१९८४, बायको, तिचा यार आणि नवऱ्याने भाड्याने आणलेला डिटेक्टिव्ह, म्हणजे आपलाच विषय) पिक्चर व्हायच्या आधीच एक ट्रेलर बनवला आणि तो दाखवत लोकांच्या दारोदार पैसे मागत फिरले. त्या दारात तुम्ही असतात तर तुम्ही दार लावून आत जाऊन एक स्टार दिला असता.

आता मुख्य विषय, ती बाई.

अफेअरवरच्या थ्रिलरवर मत देताना पहिला नियम असा की दोष कायम बाईचा. दोन बायका असतील तर दोघींचा, वाटून द्या. परवाच्या त्या पिक्चरमध्ये माणूस लग्न झालेला आहे, खोटं तो बोलतो, बायकोला मीटिंग आहे सांगतो, त्या दुसरीला घटस्फोट होत आलाय सांगतो, दोन्हीकडे शपथा घेतो, आणि मतं वाचा तुम्ही त्याच्यावरची, 'बिचारा अडकला'. अडकला? पायाला दोरी बांधून नेला होता का कोणी त्याला? स्वतः जिना चढून गेलाय, दोनदा आरशात बघून, केस नीट करून! ती दुसरी बाई मात्र 'सायको', 'घर फोडणारी', 'हिला पाहिजे तेच झालं', आणि एकाने तर लिहिलंय की तिला मरताना अजून थोडं जास्त दाखवायला हवं होतं. पुढे बायकोबद्दल दुसऱ्याचं म्हणणं, ती घरात सदा चिडलेली, मग नवरा बाहेर जाणारच. म्हणजे ही चिडली म्हणून तो गेला, ती भेटली म्हणून तो राहिला, आणि तो स्वतः काय करत होता, हवामान बघत होता का? अख्ख्या पिक्चरमध्ये खोटं बोललेला माणूस एकच आणि शिक्षा द्यायची यादी काढली तर त्यात नेमकं त्याचंच नाव नाही.

हे आजचं नाही हो. १९८७ चा 'फेटल अट्रॅक्शन' आठवा (छत्तीसच्या वर वर्षं झाली, आता शेवट सांगितला म्हणून माझ्यावर धावून येऊ नका). त्याचं मूळ म्हणजे जेम्स डिअरडेनची १९८० ची 'डायव्हर्जन' नावाची छोटी फिल्म. मोठ्या पिक्चरचा आधी शूट केलेला शेवट वेगळा होता. त्यात ती ॲलेक्स, म्हणजे दुसरी बाई, स्वतःचा जीव घेते आणि सुरीवर त्या नवऱ्याच्या बोटांचे ठसे असतात, म्हणजे भानगड करणारा माणूस सापडतो, पोलिस त्याला पकडून नेतात. प्रदर्शनाआधीच्या चाचणीच्या खेळाला आलेल्या प्रेक्षकांना हे पटेना. त्यांना ती मरायला हवी होती, तीही कोणाच्या तरी हातून. मग काय, ॲलेक्सचं काम करणाऱ्या ग्लेन क्लोजचा विरोध असताना पुन्हा शूटिंग झालं, बाथरूममध्ये झटापट, बायकोने गोळी घातली, ती मेली, आणि नवरा-बायको दोघं घरात, कुटुंब सुखी. पिक्चर तुफान चालला, सहा ऑस्कर नामांकनं मिळाली, सगळं खरं. पण त्या माणसाला मोकळा सोडला तो प्रेक्षकांनी. दिग्दर्शकाने आधी अडकवला होता. तेव्हा आपल्या मताने काय होणार असं म्हणू नका, मताने माणसं सुटतात आणि बायका मरतात.

टक्के दिसले तर ते परीक्षेचे मार्क समजून वाचा. रॉटन टोमॅटोज नावाच्या साइटवरचे टक्के म्हणजे किती समीक्षकांचं मत बरं होतं त्याचं प्रमाण, पिक्चरला मिळालेले मार्क नव्हेत, पण हे कशाला डोक्यात घ्या.

इंटरनेट अडकत होतं म्हणूनही एक स्टार देता येतो. सबटायटल लागली नाहीत म्हणूनही. ट्रेलर बघून द्यायलाही काही हरकत नाही, ट्रेलर म्हणजे पिक्चरच ना, छोटा.

आणि एवढ्याने काय फरक पडतो, असंही म्हणा. म्हणा ना. हजारो मतं पडलेल्या मोठ्या पिक्चरला खरंच पडत नाही. पण या छोट्याला मतंच पन्नास पडतात. चाळीस जणांनी दहापैकी ७ दिले आणि दहा जणांनी न बघता, सवयीने, झोप येत होती म्हणून १ दिला, तर सरळ सरासरी काढा, ५.८ येते. सातचा पिक्चर सहाच्या खाली गेला. आणि सहाच्या खालचं बघत नाही असं छातीठोक सांगणारे तुम्हीच! मोठा स्टुडिओ तुमची नापसंती ऐकून नवा शेवट शूट करू शकतो, या छोट्या पिक्चरवाल्याकडे पहिल्याच शेवटाचे पैसे कसेबसे होते.

बरं, परवाचा तो पिक्चर ग्रेट आहे असं माझं म्हणणंच नाही. आवाज खराब आहे, जिन्यावरचे संवाद निम्मे ऐकू येत नाहीत. तो पोलिस अर्ध्यानंतर कुठून उगवतो आणि त्याला सगळं आधीच कसं माहीत असतं देव जाणे. मधली वीस मिनिटं सरळ कापता आली असती. लिहा ना हे! कोणी लिहिलंय? एकानेही नाही. आणि बायकोचं काम करणाऱ्या त्या मुलीबद्दलही कोणी लिहिलं नाही. एका सीनमध्ये ती नवऱ्याच्या फोनवर आलेला मेसेज बघते, चेहऱ्यावर काही नाही, फोन चार्जिंगला लावते आणि दिवा बंद करते. तिने वाचला की नाही वाचला, सगळा थ्रिलर त्या एका प्रश्नावर उभा आहे, आणि मला तो प्रश्न पडलाच नाही कारण उत्तर मला आधीच सांगून ठेवलं होतं कोणा महाभागाने. मी बघत राहिले आणि हिने वाचलाय, हिला माहितीये, असं मनात चाललेलं. गेला सीन. परत कसा बघणार तो, पहिल्यांदा?

काय मिळतं रे तुम्हाला? खरंच विचारतेय. हुशार ठरता का? पुढच्याच्या हातचं काढून घेतलं की बरं वाटतं का? नाही आवडला तर नाही आवडला म्हणा, शंभरदा म्हणा, कडक शब्दांत म्हणा, पण काय आवडलं नाही ते सांगा की. त्या बाईला सायको म्हणता, नवऱ्याला बिचारा म्हणता, हे पिक्चरवरचं मत आहे का? हे तुमचं मत आहे तुमच्या स्वतःबद्दलचं, ते कशाला चारचौघांत टांगताय. दुसऱ्याची वर्षभराची मेहनत आहे ती, तुमची जांभई नव्हे. आधी बघा. फोन ठेवून, साध्या स्पीडवर, शेवटपर्यंत बघा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. आणि अर्धवट सोडला असेल तर अर्धवट सोडला एवढंच लिहा आणि झोपा.